शुक्रवारची चप्पल

मित्रांनो, नाक मुरडू नका आणि पाय मागं घेऊ नका. मी एक जुनी चप्पल आहे. छत्रीची, शाळेच्या घंटेची, वडाच्या झाडाची हकीकत तुम्ही कौतुकानं ऐकली असेल. चपलेची कोण ऐकणार? माणसाला चपलेची आठवण दोनच वेळा होते. एक पायात घालताना आणि दुसरी कोणावर तरी उगारताना. तेव्हा आधीच सांगते, माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. मला राग आलेला आहे, बरीच वर्षं आलेला आहे, आणि तो का आला हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म हुबळीचा. कमरीपेठेत पुंडलिकअण्णांचं चपलांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन घरांमधली फट होती ती. तिथं बसून ते कातडं भिजवायचे, रापीनं कापायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे. १९९३ सालची गोष्ट. एक उंच, सावळा माणूस आला आणि म्हणाला, "अण्णा, तळ जरा दणकट घाला. लांब जायचंय."

"किती लांब? धारवाडला?"

"समुद्रापलीकडं."

पुंडलिकअण्णांनी रापी खाली ठेवली आणि त्याच्याकडं नीट बघितलं. "मग ट्रकच्या टायरचाच घालतो बघ. तू म्हातारा होशील, ही होणार नाही."

अशी मी झाले. मी म्हणजे उजवी. माझ्याबरोबर डावीही झाली, पण ती स्वभावानं गरीब. करकरायचं काम सगळं माझ्याकडं होतं.

त्या उंच माणसाचं नाव देवदान. लेथवर काम करणारा फिटर. त्याच्या आजोबांच्या काळात अळणावरकडच्या एका खेड्यात हे घर ख्रिस्ती झालं, पुढं पोटासाठी हुबळीत आलं. घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि रविवारी देवळात दोन्ही. हो, ही माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आणि देवळात शिरताना चपला बाहेर काढतात, ओळीनं लावतात, पाय धुतात आणि मग सतरंजीवर मांडी घालून बसतात. चपला घालून शास्त्रासमोर, म्हणजे बायबलासमोर, बसणं त्यांच्या लेखी शेणाच्या हातानं जेवण्यासारखं. त्यामुळं दर रविवारी मी बाहेर. मला त्याचा कधी राग आला नाही. पायरीवर ऊन असायचं, आतून गाणी ऐकू यायची, शेजारच्या चपलांशी गप्पा व्हायच्या. झकास चाललं होतं.

पण घरावर पत्रे होते, मुलगी मोठी होत होती, आणि देवदानच्या बायकोनं, सुगंधानं, लकडाच लावला होता, "अवो, सगळे जाल्यात, तुम्हीबी जावा की." आणि व्हिसा आला तसे आम्ही गेलो.

देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथं अजून आपली माणसं राबतात, त्यांच्या पोटावर माझा पाय नको. एवढंच सांगते की तो वाळूचा आणि तेलाचा देश. तिथला राजा मुसलमान, कायदा मुसलमान आणि बहुतेक माणसंही मुसलमान. त्यात मला काय खुपायचं होतं? कमरीपेठेत माझ्या दुकानाच्या समोर अजान होत होती, तिच्या वेळेवर पुंडलिकअण्णा चहा मागवायचे. पण विमानतळावर उतरल्या उतरल्या मला पहिला झटका बसला. तिथल्या माणसानं देवदानची ट्रंक उघडली. लोणच्याची बरणी हुंगली, मला उलटंपालटं करून बघितलं आणि परत ठेवलं. मग त्याच्या हाताला शास्त्र लागलं, देवदानच्या आईचं, कापडात बांधलेलं. त्यानं चाळलंसुद्धा नाही. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता, त्यात टाकलं.

बघा मित्रांनो. त्या देशात चपलेला परवाना होता आणि माणसाच्या देवाला नव्हता. हा कसला न्याय?

देवदाननं ट्रंक बंद केली. बोलून करणार काय? पासपोर्ट कंपनीच्या माणसाच्या ताब्यात. हळूहळू त्याला सगळं कळत गेलं. तिथं देऊळ नाही. बांधू देत नाहीत. चार जणांनी एकत्र बसून प्रार्थना केली तर गुन्हा. गळ्यात क्रूस दिसला तर गुन्हा. मंगळुरी एक सुतार कामावर पडून मेला, तर त्याला मातीसुद्धा मिळाली नाही, पेटीत घालून विमानानं धाडला. मुकादम अधूनमधून देवदानच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "आमच्यात ये. उद्या तुला माझ्या जागेवर बसवतो." हा बिचारा हसून नटबोल्ट आवळत राहायचा. कोणाचा देव बदलायला माणसं बढतीचं आमिष दाखवतात, आणि वर त्याला प्रेम म्हणतात. मला तर असं वाटायचं की सरळ मुकादमाच्या पायावर पडावं, टाचेकडून.

तरी माणूस प्रार्थनेवाचून राहतो का? आमची माणसं जमायचीच. रविवारी कामं असायची, सुट्टी शुक्रवारची. म्हणून आमचा रविवार शुक्रवारी आला. कंपनीनं देवदानला एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या होत्या. तिथं बेळगावचे, धारवाडचे, हुबळीचे असे आपले लोक यायचे, जोडीनं, वेगवेगळ्या वेळेला, हातात भाजीची पिशवी घेऊन. खिडकीला गादी लावायची. टीव्हीवर क्रिकेट मोठ्यानं लावायचं, म्हणजे बाहेरच्याला वाटावं की इंडिया हरतेय म्हणून हे लोक जमलेत. शास्त्राची पानं सुटी करून कोणीतरी कपड्यांच्या घड्यांतून आणली होती, ती सुगंधानं पाठवलेल्या रुमालात ठेवायची. गाणी ओठातल्या ओठात. टाळ्यासुद्धा बोटांच्या टोकांनी, मांडीवर. मी दर रविवारी देवळाबाहेर ऐकलेलं भजन असं घुसमटलेलं ऐकताना मला रडू यायचं. चपलेला रडू येत नाही म्हणता? बरं.

आता चपलांचं काय? काढायच्या तर होत्याच, आणि दाराबाहेर इतक्या चपला दिसल्या तर संपलंच. तेव्हा देवदाननं तांदळाचं रिकामं पोतं ठेवलं होतं. आलेल्यानं दारात चप्पल काढायची, पोत्यात टाकायची आणि पोतं मोरीत. अशी किती वर्षं मी त्या पोत्यात काढली! वर कोणाच्या सँडलची टाच, खाली कोणाचे बूट, आणि वास तर विचारूच नका. पण तक्रार केली नाही. सगळ्यांचा जीव त्या पोत्यात होता.

समोरच्या दारात इद्रिस मास्तर राहायचे. सुदानचे, शाळेत गणित शिकवायचे. मुसलमान, नमाजी, कपाळावर जमिनीला डोकं टेकून पडलेला सजद्याचा डाग. त्यांना सगळं माहीत होतं. दोन्ही घरांची स्वयंपाकघरं मागच्या एकाच गॅलरीत उघडायची, आणि तिथून एक जिना खाली जायचा. भिंत पातळ. त्यांनी एकदा देवदानला कामचलाऊ उर्दूत सांगितलं, "तुमचं ते तिसरं गाणं फार छान आहे. पण जरा हळू." बस्स, एवढंच. त्यांचा पंखा बिघडला की देवदान दुरुस्त करायचा, आणि त्यांच्याकडून खजूर यायचे.

आमच्यात भारती नावाची एक नर्स होती. धारवाडची, सप्तापूरला वाढलेली. तिला तिथं बाळ झालं, आणि १९९९ मध्ये बाळ सांभाळायला तिची आई आली, जनाबाई. नावावरून चकू नका, तीही ख्रिस्तीच, अळणावरकडची. आमच्याकडं देव बदलला म्हणून नावं बदलत नाहीत. जनाबाई अंगठा लावणारी, पण गाणी सगळी तोंडपाठ, आणि हळू गाणं तिला जन्मात जमलं नाही. पहिल्याच शुक्रवारी तिनं मोरीतलं पोतं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय गं बाई! चपला घरात? शास्त्र हिकडं आन चपला हितंच मोरीत? काय म्हणायचं ह्याला!"

"अव्वा, हळू," भारती म्हणाली. "बाहेर ठेवायच्या नाहीत इथं."

"का? चोर हायत?"

"चोर नाहीत. पोलीस आहेत."

जनाबाईला ते पटलं नाही. पोलिसाला चपलांचं काय काम, हे तिच्या डोक्यात शिरेना. आणि शिरावं तरी कसं? तिच्या गावात देवळाबाहेर चपलांची ओळ दिसली की येणारा जाणारा हिंदू माणूससुद्धा आवाज न करता जायचा.

पुढच्या शुक्रवारी लांबलचक प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. जनाबाई उठली. मोरीत आली, पोतं हळूच ओढत बाहेर नेलं, दार उघडलं आणि आम्हाला एकेक करून दाराबाहेर लावायला लागली. जोडीला जोड, टाचा भिंतीकडं, बायकांच्या एका बाजूला, पुरुषांच्या दुसऱ्या, आणि बाळाचे चूं चूं वाजणारे लाल बूट सगळ्यांत पुढं. पदरानं दोन-चार पुसल्यासुद्धा. मग समाधानानं आत गेली आणि दार लोटून परत डोळे मिटून बसली. तिनं देवाचं घर नीटनेटकं केलं होतं. माझं म्हणाल तर इतक्या वर्षांनी मला वारा लागला होता. मी खुळ्यासारखी खूश होते.

खालच्या मजल्यावरचा एक इसम वर कोणाकडं तरी आला. त्यानं आम्हाला बघितलं. थांबला, वाकला, परत बघितलं आणि आल्या पावली जिना उतरला. थोड्या वेळानं रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. तेवढ्यात मशिदीतून इद्रिस मास्तर वर आले. त्यांनी ती ओळ बघितली आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी आमच्या दारावर धडाधड थापा मारल्या.

"देवदान! चपला बाहेर! ते खाली आलेत. मागून, मागून माझ्या घरात!"

आत एकच गडबड. देवदाननं सगळ्यांना स्वयंपाकघरातून गॅलरीत ढकललं. इद्रिस मास्तरांच्या बायकोनं तिकडून दार उघडून धरलं होतं. कोणाच्या पायात काही नाही. जोडीजोडीनं ती माणसं मागच्या जिन्यानं खाली उतरली आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत गेली. धावायचं नाही, चालायचं, हे देवदाननं बजावलं होतं. भारती, बाळ आणि जनाबाई इद्रिस मास्तरांच्या घरातच बसल्या. मास्तरांच्या बायकोनं आपला काळा बुरखा जनाबाईच्या डोक्यावरून टाकला आणि तिच्या हातात परातीतले तांदूळ निवडायला दिले. ह्या बाईला पकडलं असतं तर तिचं काय झालं असतं? नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, सगळं मातीत. तरी तिनं दार उघडलं. हे लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

मास्तर वाकून आम्हाला आत ढकलायला लागले होते, पण जिन्यावर बूट वाजले. देवदान दारात आला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही जावा." मास्तर गेले. जाताना त्यांनी मान खाली घातली होती.

शिपाई आले, त्यांच्याबरोबर एक दाढीवाला अधिकारी. आत बघतात तर एकटा माणूस, रिकामी सतरंजी, रुमालात सुटी पानं आणि टीव्हीवर क्रिकेट. बाहेर चपलाच चपला.

"ह्या कोणाच्या?"

"माझ्या," देवदान म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला तिथली भाषा येत होती.

"सगळ्या?"

"सगळ्या."

अधिकाऱ्यानं एक उंच टाचेची सँडल बोटावर लटकवली. "ही पण?"

"माझीच."

थापड बसली. मला त्यांची भाषा अर्धीमुर्धीच कळायची, पण थापड सगळ्या भाषांत एकच असते. मग त्यांनी सगळ्या चपला त्याच तांदळाच्या पोत्यात भरल्या. पुरावा म्हणून! आणि देवदानला म्हणाले, तुझी कोणती ती घाल. त्यानं आम्हा दोघींना पायात घातलं. 

तुरुंगात चपला काढून घेतात. आम्हाला त्या अधिकाऱ्याच्या खोलीत फळीवर ठेवलं, पोत्याच्या शेजारी. त्यामुळं मला सगळं दिसायचं. देवदानला अनवाणी आणायचे, समोर उभा करायचे आणि अधिकारी पोत्यातून एकेक चप्पल काढून टेबलावर मांडायचा. बोलणं गोड. चहा सुद्धा मागवायचा. म्हणायचा, "तू चांगला कारागीर आहेस, कंपनीला हवा आहेस. ह्या कोणाच्या ते सांग, सही कर, उद्यापासून कामावर. नाही सांगितलंस तर तुरुंग, आणि मग कायमचं घरी." देवदान नाही म्हणून मान हलवायचा. एकदा अधिकाऱ्यानं बाळाचा लाल बूट काढला आणि दाबला. चूं वाजलं. खोलीतले शिपाई खो खो हसले.

"हाही तुझाच?"

"माझाच."

"हा ज्याचा आहे त्याची आई कोण?"

त्या क्षणी माझा जीव टाचेत आला. एक नाव, मित्रांनो. भारती. तीन अक्षरं, जास्त नाहीत. ते उच्चारलं असतं तर देवदान संध्याकाळी आपल्या खोलीत असता, महिनाभरात हुबळीच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब घालायचे पैसे पोचले असते. आणि ती पोरगी तान्ह्या बाळासकट गजाआड गेली असती. देवदाननं खाली बघितलं, आपल्या अनवाणी पायांकडं, आणि म्हणाला, "साहेब, मी प्रार्थना केली. कोणाचं काही चोरलं नाही. गुन्हा असेल तर तो माझा एकट्याचा."

गुन्हा! अहो, डोळे मिटून बसणं हा गुन्हा? रडणाऱ्या बाईनं देवाला हाक मारली, हा गुन्हा? ज्या देशात घराघरातून दिवसातून पाच वेळा देवाचं नाव घेतात, तिथल्या माणसांना दुसऱ्याच्या ओठातलं नाव इतकं टोचावं? त्यांचा देव एवढा लहान आहे का, की एका फिटरच्या मोरीतल्या पोत्याला घाबरावा? मला नाही वाटत. देव घाबरत नाही. घाबरतात ती खुर्चीतली माणसं.

आपल्या देशाचा एक साहेब भेटायला आला. मला वाटलं, आला बाबा आपला माणूस. तो काय म्हणाला असेल? "तुम्हाला नियम माहीत होता ना? मग कशाला ही उठाठेव? देव मनात ठेवायचा." त्याच्या स्वतःच्या टेबलावर म्हणे गणपती होता. कंपनीचा मॅनेजर आला, तो म्हणाला, "तू आमचं नाव खराब केलंस." आणि इकडं हुबळीत सुगंधा देशपांडे नगरातल्या डॉक्टरांच्या घरी स्वयंपाक करायची, त्यांच्या फोनपाशी कान लावून बसायची. फोन येईना. नवऱ्याची चौकशी करणाऱ्यांना ती सांगायची, "कामात असतील."

बऱ्याच महिन्यांनी त्याला सोडलं आणि थेट विमानात बसवलं. हातात काही नाही, पायात आम्ही. पोतं तिथंच राहिलं. ते सगळे जोड, तो लाल बूट, सगळं त्या फळीवरच धूळ खात असेल.

घरी आल्यावर लोकांनी काय केलं? सांत्वन? छे. "तिथल्या देशात राहायचं तर तिथल्यासारखं वागावं की," असं म्हणणारे देवळातलेच निघाले. पत्र्याचं घर तसंच होतं, त्याकडं बघून हळहळले आणि चहा पिऊन गेले. एक जनाबाई मात्र भारतीच्या बाळासह सुखरूप परत आली होती. ती अळणावरहून आली आणि देवदानच्या पायाशी बसून रडली.

"माझ्या हातानं झालं रे बाबा."

"अव्वा, तुम्ही चपला नीट लावल्या. बघणाऱ्याची नजर वाकडी, त्याला तुम्ही काय करणार? भारतीची नोकरी हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं की."

त्याला काम दिलं ते दस्तगीरनं. कमरीपेठेच्या मागच्या बोळात दस्तगीरचं घर आणि घरातच लेथ. दोघं तरुणपणी एकाच कारखान्यात होते. दस्तगीरनं काही विचारलं नाही. लेथवरचं फडकं झटकलं आणि म्हणाला, "बा देवू, कुंद्रु. ये, बस. ही मशीन तुझी."

आणि आता येते ती गोष्ट, जिच्यामुळं मला जास्त राग आला. २००१ च्या हिवाळ्यात प्रभंजनराव नावाचे एक पुढारी देवदानच्या दारात आले. गळ्यात उपरणं, मागं पोरांचा घोळका. म्हणाले, "देवदान, तुमच्यावर फार अन्याय झाला. आमचं रक्त खवळलंय. रविवारी सभा आहे, सभेनंतर मिरवणूक. तुम्ही मंचावर येऊन त्या लोकांनी काय केलं एवढंच सांगा. बाकी आम्ही बघतो." मिरवणूक कुठून जाणार? कमरीपेठेच्या मागच्या बोळातून, दस्तगीरच्या दारावरून. बाकी काय बघणार, ते पोरांच्या हातातल्या काठ्या सांगत होत्या.

ह्याच प्रभंजनरावांची पोरं वर्षापूर्वी अळणावरकडं देवदानच्या मेव्हण्याच्या पडवीत शिरली होती. तिथं प्रार्थना चालू होती. त्यांनी वाजवायची पेटी फोडली, दाराबाहेरच्या चपला ओढ्यात भिरकावल्या आणि "परत जमलात तर बघा" म्हणून गेली. आता तेच ख्रिस्ती माणसाच्या दुःखानं खवळलेले! माझ्या चामड्याला लाज वाटली, त्यांच्या नाही.

सुगंधा म्हणाली, "जाऊ नका. आपल्याला काय करायचंय?" पण देवदान गेला. मंचावर समई होती, म्हणून त्यानं आम्हाला पायऱ्यांखाली काढलं. मी खालून सगळं ऐकलं. त्यानं मोरीतलं पोतं सांगितलं, जीप सांगितली, थापड सांगितली. गर्दी तापत गेली. कोणीतरी घोषणा दिली. प्रभंजनराव पुढं झाले. "सांगा, सांगा! कोण होते ते? कोणत्या धर्माचे?"

देवदान म्हणाला, "पकडलं ते मुसलमान. त्यांचा कायदा वाईट हाय, अन्यायाचा हाय, हे मी मरेपर्यंत सांगणार. पण मागचं दार उघडलं तेबी मुसलमान. त्यांनी आपलं घरदार पणाला लावून आमची पोरं लपवली. आता सांगा राव, तुम्ही कोणाच्या दारावर जाणार? आणि अळणावरला माझ्या मेव्हण्याच्या चपला ओढ्यात टाकल्या ती पोरं कोणत्या धर्माची होती, ते इथं सांगू काय? नावानिशी ठाऊक हायत मला. ती बघा, काठ्या घेऊन उभी हायत. नावं मी तिथं सांगितली न्हाईत, इथंबी सांगत न्हाई. पण ज्याचं त्याला कळलं असेल."

माइक बंद पडला. म्हणजे बंद केला. कोणी शिव्या दिल्या, कोणी मान खाली घातली. काठीवाल्या पोरांतल्या एकाचे आईवडील गर्दीत होते, त्यांनी त्याला दंडाला धरून घरी नेलं. बायाबापड्या उठून चालायला लागल्या. मिरवणुकीला माणसंच उरेनात. रागारागानं कोणीतरी पायऱ्यांखालच्या चपलांना लाथ घातली. मी एकीकडं उडाले, डावी दुसरीकडं. देवदान उतरून आला, वाकून शोधायला लागला. मी सापडले. डावी सापडली नाही. गटारात गेली, की कोणी ओढ्यात नेऊन टाकली, कोणास ठाऊक. इतकी वर्षं माझ्याशेजारी चालली, एक शब्द उलट बोलली नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत गेली. तिच्यासाठी मला अजून रडू येतं, आता खरं काय ते सांगून टाकते.

मला हातात घेऊन तो अनवाणी घरी आला. सुगंधा भडकली. "तिथं मारलं तरी तोंड उघडलं न्हाईसा, आणि इथं कोण विचारलं म्हणून बोललासा? आता इथंबी जगू देणार न्हाईत आपल्याला!"

देवदाननं मला दाराशी ठेवलं, पाय धुतले आणि धोतराला हात पुसले. "सुगंधा," तो म्हणाला, "तिथं बोललो असतो तर भारतीचं घर गेलं असतं. इथं गप्प बसलो असतो तर दस्तगीरचं. आपल्या घरावर पत्रा हाय, तो ऱ्हाऊ दे."

सुगंधानं त्याला पाणी दिलं आणि ती त्याच्या शेजारी बसून राहिली.

मित्रांनो, एकटी चप्पल कोणाच्या कामाची नसते. मी आता कोपऱ्यात पडून असते आणि येणाऱ्या जाणाऱ्यांचे पाय बघते. माझं मागणं थोडं आहे. उद्या तुम्ही कुठल्याही गावात, कुठल्याही देशात असाल. एखाद्या दाराबाहेर तुम्हाला चपलांची ओळ दिसेल. आत कोणी अल्लाला हाक मारत असेल, कोणी येशूला, कोणी विठ्ठलाला. कान लावू नका. त्या कोणाच्या, हे कोणाला सांगायला जाऊ नका. एखादी उलटी पडली असेल तर ती सुलटी करा आणि आपल्या वाटेनं जा.